फळमाशीतील उत्परिवर्तनाचा विकासावर व प्रजननक्षमतेवर होणारा परिणाम कसा तपासावा

फळमाशीच्या, म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगॅस्टरच्या, एखाद्या उत्परिवर्तित जनुकाचा स्टॉक, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या राखलेला वाण, पहिल्यांदा हातात येतो तेव्हा त्याच्या नोंदीत बहुधा एखाद-दुसरा शब्दच असतो: ‘घातक’, ‘अर्धघातक’, ‘मादी वंध्य’, ‘नर वंध्य’. या शब्दांवरून मृत्यू किंवा वंध्यत्व घडते एवढेच कळते. ते कोणत्या अवस्थेत घडते, माशीच्या स्वतःच्या जनुकरचनेमुळे घडते की तिच्या आईच्या, आणि मुळात त्याच उत्परिवर्तनामुळे घडते का, हे तुम्हालाच शोधावे लागते. पुढील पायऱ्या त्या शोधाच्या क्रमाने लावल्या आहेत. क्रम बदलला तरी प्रयोग होतात, पण बरेच काम पुन्हा करावे लागते.

लागणारे साहित्य

- उत्परिवर्तित स्टॉक, आणि तो ज्या पार्श्वभूमीत तयार झाला ती मूळ जात
- त्या जनुकाचा भाग गाळलेला डिफिशिअन्सी स्टॉक. शक्य असल्यास त्याच जनुकाचे स्वतंत्रपणे मिळालेले दुसरे उत्परिवर्तन
- हिरव्या प्रकाशाची खूण असलेला बॅलन्सर (पुनर्संयोग, म्हणजे जोडीच्या गुणसूत्रांतील तुकड्यांची अदलाबदल, रोखून उत्परिवर्तन टिकवून ठेवणारे खुणेचे गुणसूत्र) आणि ती खूण पाहण्यासाठी फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक
- १८ आणि २५ अंश सेल्सिअसला स्थिर राहणारी दोन इनक्युबेटर
- मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगार यांचे नेहमीचे अन्न. अंडी घेण्यासाठी द्राक्षरस-अगारच्या थाळ्या आणि ताजी यीस्टची पेस्ट
- कार्बन डायऑक्साइडचे पॅड, मऊ ब्रश, टोकदार चिमटे, विच्छेदनासाठी बफर, केंद्रके रंगवण्यासाठी डीएपीआय
- फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक (नराच्या वंध्यत्वासाठी याला पर्याय नाही)
- नोंदवही. प्रत्येक व्हायलवर (माश्या वाढवण्याच्या छोट्या नळीवर) तारीख, तापमान आणि दोन्ही पालकांची पूर्ण जनुकरचना लिहायची आहे.

स्टॉक मागवण्यापूर्वी फ्लायबेस या सार्वजनिक माहितीकोशात त्या जनुकाचे पान नीट वाचावे. उत्परिवर्तन कशामुळे झाले, कोणते बॅलन्सर वापरले आहेत, आजवर कोणते परिणाम नोंदले गेले आहेत हे तेथे मिळते. बरेचसे स्टॉक ब्लूमिंग्टन येथील स्टॉक सेंटरमधून मागवता येतात.

१. दोष त्याच उत्परिवर्तनाचा आहे, याची खात्री आधी करा

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि सर्वाधिक वेळा वगळली जाते. रसायनाने किंवा किरणांनी उत्परिवर्तन घडवताना त्याच गुणसूत्रावर इतरत्रही बदल होतात. बॅलन्सरखाली वर्षानुवर्षे राखलेल्या गुणसूत्रावर त्यांत आणखी भर पडते, कारण तेथे पुनर्संयोग होत नाही आणि अप्रभावी घातक बदल गाळले जात नाहीत. परिणामी तुम्ही ज्या मृत्यूचा अभ्यास करत आहात तो शेजारच्याच एखाद्या अनोळखी बदलामुळे होत असू शकतो.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला म्हणजे उत्परिवर्तनाचा नियंत्रण जातीशी किमान पाच-सहा पिढ्या बॅकक्रॉस, म्हणजे पुन्हा पुन्हा संकर, करणे. येथे एक अट विसरू नका: फळमाशीच्या नरात पुनर्संयोग होत नाही, म्हणून उत्परिवर्तन प्रत्येक पिढीत विषमयुग्मजी (एकच प्रत उत्परिवर्तित असलेल्या) मादीकडूनच पुढे न्यायला हवे. नराकडून नेल्यास ते गुणसूत्र कितीही पिढ्यांनंतर जसेच्या तसे राहील. दुसरा उपाय म्हणजे उत्परिवर्तन डिफिशिअन्सीसमोर ठेवून पाहणे. अशा माशीत उत्परिवर्तित गुणसूत्राची एकच प्रत असते आणि दुसरे गुणसूत्र वेगळ्या स्टॉकमधून आलेले असते. त्यामुळे त्या गाळलेल्या भागाबाहेरचे अप्रभावी दोष झाकले जातात. समयुग्मजी (दोन्ही प्रती उत्परिवर्तित असलेल्या) माशीत दिसणारा परिणाम येथेही दिसला, तर संशय त्या लहान भागापुरता उरतो.

याच क्रॉसमधून (संकरातून) आणखी एक गोष्ट कळते. समयुग्मजी माशी आणि डिफिशिअन्सीसमोरची माशी यांच्यातील दोष सारख्याच तीव्रतेचा असेल, तर उत्परिवर्तनाने जनुकाचे कार्य बहुधा पूर्णपणे थांबवले आहे. डिफिशिअन्सीसमोर दोष अधिक तीव्र झाला, तर थोडे कार्य अजून शिल्लक आहे, आणि पुढच्या प्रत्येक निष्कर्षात हे लक्षात ठेवावे लागेल.

२. बॅलन्सर आणि तापमान

बॅलन्सर गुणसूत्राची खूण अचूक ओळखता आली नाही, तर पुढची सर्व मोजणी चुकते. दुसऱ्या गुणसूत्रासाठीच्या सीवायओ या बॅलन्सरवर पंख वळवणारी कर्ली ही खूण असते, पण १८-१९ अंशांवर वाढलेल्या माश्यांत ती इतकी सौम्य होऊ शकते की पंख सरळच वाटतात. म्हणून पंखांवरून वर्गवारी करायची असलेला क्रॉस २५ अंशांवरच ठेवावा. तिसऱ्या गुणसूत्रासाठी टीएम३ वर स्टबल, म्हणजे आखूड राठ केसांची खूण असते. टीएम६बी वरील टबी या खुणेमुळे अळ्या आणि कोषही आखूड-जाड दिसतात, त्यामुळे माशी बाहेर पडण्याची वाट न पाहता जनुकरचना ओळखता येते. विकासाच्या अभ्यासासाठी मी हाच बॅलन्सर पसंत करतो.

संपूर्ण प्रयोगात एकच तापमान ठेवा. २५ अंशांवर अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास सुमारे दहा दिवसांत पूर्ण होतो, १८ अंशांवर त्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो. ३० अंशांच्या आसपास वाढवलेले अगदी निरोगी नरही वंध्य होतात. इनक्युबेटरचा आकडा आणि व्हायलजवळचे प्रत्यक्ष तापमान यांत फरक असतो, म्हणून आत वेगळा तापमापक ठेवावा.

३. प्रौढ माश्यांचे प्रमाण मोजा

उत्परिवर्तन आणि सीवायओ असलेल्या माद्या व नर यांचा क्रॉस लावला, तर अंड्यांपैकी एक चतुर्थांश सीवायओसाठी समयुग्मजी असतात आणि मरतात. उरलेल्यांत कर्ली आणि सरळ पंखांच्या माश्यांचे अपेक्षित प्रमाण दोनास एक असते. म्हणजे २०० कर्ली माश्यांमागे सुमारे १०० सरळ पंखांच्या हव्यात. त्या ४० निघाल्या, तर समयुग्मजी माश्यांची जगण्याची क्षमता अपेक्षेच्या ४० टक्के आहे असे म्हणता येते. एकही निघाली नाही तर उत्परिवर्तन घातक आहे, आणि दोन-तीनच निघाल्या तर त्यांना निसटलेल्या माश्या म्हणून वेगळ्या नोंदवाव्यात.

येथे दोन सापळे आहेत. बॅलन्सर असलेली भावंडे ही पूर्णपणे निरोगी तुलना नव्हे. बॅलन्सरचा स्वतःचाही थोडा दुष्परिणाम असतो, त्यामुळे सौम्य दोष झाकला जाऊ शकतो. म्हणूनच मूळ जातीचे गुणसूत्र सीवायओसमोर ठेवून तोच क्रॉस शेजारी लावावा. दुसरा सापळा मोजणी लवकर थांबवण्याचा आहे. उत्परिवर्तित माश्या दोन-तीन दिवस उशिरा बाहेर पडत असतील आणि तुम्ही पहिल्या बहरातच मोजणी संपवली, तर केवळ उशीर हा मृत्यू म्हणून नोंदला जाईल. उलट फार दिवस थांबलात तर पुढची पिढी त्यात मिसळेल. पालकांना चार-पाच दिवसांनी काढून टाकणे आणि क्रॉस लावल्यापासून अठराव्या दिवसाच्या आत मोजणी संपवणे हा २५ अंशांसाठी सुरक्षित नियम आहे.

४. मृत्यू कोणत्या अवस्थेत होतो ते शोधा

द्राक्षरस-अगारच्या थाळीवर यीस्टचा छोटा ठिपका ठेवून माद्यांना अंडी घालू द्या. पहिल्या एक-दोन तासांची थाळी टाकून द्यावी, कारण माद्या फलित अंडी पोटात रोखून ठेवतात आणि अशी अंडी वयाने पुढे गेलेली असतात. त्यानंतरच्या दोन तासांची अंडी ओळीत मांडून मोजा. २५ अंशांवर निरोगी अंड्यातून सुमारे एका दिवसात अळी बाहेर पडते. तरीही न उबलेली अंडी ३६ ते ४८ तासांनी मोजावीत, म्हणजे उशिराने उबणारी सुटणार नाहीत. तपकिरी झालेल्या अंड्यात भ्रूण बराच वाढून मेलेला असतो. पांढरेच राहिलेले अंडे मात्र अफलित असेल किंवा त्यातील भ्रूण अगदी सुरुवातीला थांबला असेल. डोळ्यांनी हा फरक कळत नाही. त्यासाठी ब्लीचने बाहेरचे कवच काढून, अंडी स्थिर करून, डीएपीआयने केंद्रके पाहावी लागतात.

उबलेल्या पहिल्या अवस्थेच्या अळ्या हिरव्या खुणेवरून वेगळ्या करा: खूण नसलेल्या त्या समयुग्मजी. प्रत्येक व्हायलमध्ये ठरावीक संख्येने, उदाहरणार्थ ५०, अळ्या ठेवा आणि हिरव्या भावंडांच्या वेगळ्या व्हायल शेजारी ठेवा. एकत्र ठेवल्यास सशक्त अळ्या अन्न फस्त करतात आणि अशक्त अळ्या उपासमारीने मरतात.

अळीची अवस्था आकारावरून ठरवू नका, कारण उत्परिवर्तित अळी खुजी असू शकते. डोक्याकडील श्वासरंध्रे पाहा: पहिल्या अवस्थेत ती उघडलेली नसतात, दुसऱ्या अवस्थेत टोकाशी गदेसारखी फुगीर असतात, आणि तिसऱ्या अवस्थेत त्यांना बोटांसारख्या शाखा फुटलेल्या असतात. कोषात मेलेल्या माशीबद्दलही केवळ ‘कोषात मृत्यू’ एवढे लिहू नये. कोष उघडून डोळ्यांना रंग आला होता का, केस काळे झाले होते का, पाय आणि पंख पूर्ण लांबीचे होते का हे नोंदवावे. पूर्ण वाढून केवळ बाहेर पडता न आलेली माशी आणि डोकेच बाहेर न आलेला कोष यांची कारणे पूर्णपणे वेगळी असतात.

५. विकासाचा वेग

ज्या उत्परिवर्तनात माश्या जगतात, त्यांतही उशीर हा महत्त्वाचा परिणाम असू शकतो. रायबोसोमच्या प्रथिनांच्या जनुकांतील मिनिट नावाची उत्परिवर्तने याचे जुने उदाहरण आहे: एकच प्रत बिघडली तरी विकास लांबतो आणि छातीवरचे केस आखूड व बारीक होतात. वेग मोजण्यासाठी कोष झालेल्या अळ्या आणि बाहेर पडलेल्या माश्या ठरावीक तासांनी मोजा, आणि नर व माद्यांचे आकडे वेगळे ठेवा, कारण माद्या नरांपेक्षा काही तास आधी बाहेर पडतात. आकडेवारी करताना व्हायल हे एक निरीक्षण धरावे. एका व्हायलमधील ५० माश्या एकाच अन्नावर आणि एकाच गर्दीत वाढलेल्या असतात. त्यांना ५० स्वतंत्र निरीक्षणे मानल्यास नगण्य फरकही ठळक दिसू लागतो.

६. प्रजननचाचणीची तयारी

या चाचणीचे यश व्हर्जिन, म्हणजे अजून समागम न झालेल्या, माद्यांवर अवलंबून असते. २५ अंशांवर बाहेर पडलेली मादी साधारण आठ तास समागम करत नाही. १८ अंशांवर ही मुदत सुमारे दुप्पट होते. माश्या मुख्यतः पहाटे बाहेर पडतात, म्हणून सकाळी व्हायल पूर्ण रिकामी करावी आणि त्यानंतर आठ तासांच्या आत निघालेल्या माद्या गोळा कराव्यात. फिकट शरीर, पूर्ण न उलगडलेले पंख आणि पोटातून दिसणारा गडद ठिपका या ताज्या मादीच्या खुणा आहेत. एका समागमाचे शुक्राणू मादी साठवून आठवड्याहून अधिक काळ वापरू शकते. त्यामुळे एक चुकलेली मादी पूर्ण व्हायलचा निकाल बिघडवते. गोळा केलेल्या माद्या दोन-तीन दिवस वेगळ्या ठेवून व्हायलमध्ये अळ्या दिसत नाहीत ना, हे पाहावे.

मादीची चाचणी करताना एका उत्परिवर्तित मादीला दोन निरोगी नर द्या. नराची चाचणी करताना एका उत्परिवर्तित नराला तीन निरोगी व्हर्जिन माद्या द्या. माश्या तीन ते पाच दिवसांच्या असाव्यात. माद्यांना आधी दोन-तीन दिवस यीस्टची पेस्ट द्यावी, नाहीतर उपाशी अंडाशयालाच तुम्ही दोष म्हणून नोंदवाल. कार्बन डायऑक्साइडचा वापर थोडक्यात उरका आणि भूल उतरण्यास किमान एक दिवस द्या. प्रत्येक गटात किमान २० स्वतंत्र जोड्या असाव्यात. दहा माद्या आणि दहा नर एकाच बाटलीत टाकून काढलेली सरासरी निरुपयोगी असते: सर्व माद्या अर्धी अंडी घालतात की अर्ध्या माद्या एकही घालत नाहीत, हे तिच्यातून कळत नाही.

वंध्यत्वाचे खोटे निकाल देणारी दोन बाह्य कारणे आधीच तपासून घ्यावीत. पी-घटक (जीनोममध्ये जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) असलेल्या जातीचा नर आणि तो नसलेल्या जुन्या प्रयोगशाळेतील जातीची मादी यांच्या संततीत, विशेषतः २९ अंशांच्या आसपास, जननग्रंथीच खुरटतात. दुसरे कारण वोल्बाकिया हा पेशींत राहणारा जिवाणू. संसर्ग असलेला नर आणि संसर्ग नसलेली मादी यांच्या अंड्यांचे उबण्याचे प्रमाण घटू शकते. दोन्ही स्टॉकची पीसीआरने चाचणी करावी, आणि नर-मादी उलटसुलट करून क्रॉस लावावा.

७. मादी वंध्य असेल तर

आधी प्रश्न वेगळे करा: अंडी घातली जातात का, फलित होतात का, उबतात का. अंडीच नसतील तर अंडाशय काढून पाहा. प्रत्येक अंडाशयात साधारण १६ ते २० ओव्हेरिओल (अंडी तयार करणाऱ्या नळ्या) असतात, आणि प्रत्येकात वाढत्या वयाची अंडकक्षांची माळ असते. टोकाशी मूलपेशी असलेला जर्मेरियम, पुढे क्रमाने मोठे होणारे कक्ष, आणि शेवटी चौदाव्या अवस्थेचे तयार अंडे. प्रत्येक कक्षात चार विभाजनांतून झालेल्या १६ पेशी असाव्यात: अंडपेशीला पोसणाऱ्या १५ नर्स पेशी आणि एक अंडपेशी. डीएपीआयने रंगवून नर्स पेशींची केंद्रके मोजा. ३१ किंवा सात केंद्रके दिसली तर विभाजनांची संख्या किंवा कक्षांची बांधणी बिघडली आहे. १६ही नर्स पेशीच असतील तर अंडपेशी ठरण्यात दोष आहे. आठव्या-नवव्या अवस्थेनंतर कक्ष विरत असतील तर बलक भरण्याच्या टप्प्याकडे आणि माशीच्या पोषणाकडेही लक्ष द्यावे. तयार अंडी भरपूर असून बाहेर येत नसतील, तर अंडोत्सर्ग किंवा समागम यांत अडचण आहे.

घातलेल्या अंड्यांचा आकारही बोलका असतो. अंड्याच्या पाठीवरील दोन श्वसनशिंगे जोडली जाऊन एकच झाली असतील किंवा नाहीशी झाली असतील, तर अंडाशयातच पाठ-पोट दिशा चुकली आहे. गुर्केन या जनुकाच्या उत्परिवर्तनात असेच होते.

८. नर वंध्य असेल तर

नर समागम करतो का, हे आधी प्रत्यक्ष पाहा. समागम साधारण वीस मिनिटे चालतो, त्यामुळे निरीक्षण कठीण नाही. त्यानंतर मादीच्या साठवणपिशव्यांत शुक्राणू पोहोचले का ते पाहा. पोहोचले नसतील तर नराचे वृषण बफरमध्ये काढा. सेमिनल व्हेसिकल (शुक्राणू साठवणारी पिशवी) फोडल्यावर निरोगी नरातून वळवळणारे शुक्राणू बाहेर सांडतात. प्रत्येकाची लांबी सुमारे १.८ मिलिमीटर असते. ती पिशवी रिकामी असेल तर दोष वृषणातच, शुक्राणू तयार होण्याच्या काळात आहे.

येथे फेज-कॉन्ट्रास्ट कामी येतो. १६ शुक्रपेशींच्या गटातून अर्धसूत्री विभाजनानंतर ६४ पेशी होतात. त्यानंतर लगेचच्या अवस्थेत प्रत्येक पेशीत एक फिकट केंद्रक आणि त्याच आकाराचा एक गडद मायटोकॉन्ड्रियाचा गोळा शेजारी-शेजारी दिसतो. केंद्रके लहान-मोठी दिसली तर गुणसूत्रांचे वाटप चुकले आहे. एका मोठ्या गोळ्याभोवती दोन किंवा चार केंद्रके असतील तर पेशी विभागली गेली नाही. फळमाशीच्या अभ्यासात इतक्या कमी खर्चात इतके सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही. नराची जनुकरचना तपासताना वाय गुणसूत्र शाबूत आहे याचीही खात्री करा: वाय नसलेला नर दिसायला सामान्य असतो, समागमही करतो, पण वंध्य असतो.

९. दोष आईचा की संततीचा

समयुग्मजी मादी अंडी घालते, ती फलितही होतात, पण उबत नाहीत, तेव्हा बहुतेक नवखे अभ्यासक भ्रूणाची जनुकरचना पाहू लागतात. पण भ्रूणाच्या सुरुवातीच्या तासांत काम करणारे आरएनए आणि प्रथिने आईने अंड्यात भरलेली असतात. बायकॉइड जनुकासाठी समयुग्मजी मादीच्या भ्रूणांना डोके आणि छाती नसते, मग पिता निरोगी असला तरीही. उलट त्याच जनुकाची विषमयुग्मजी आई असेल तर तिची समयुग्मजी संतती व्यवस्थित वाढते. म्हणून एकाच उत्परिवर्तनाचे दोन्ही दिशांचे क्रॉस, म्हणजे उत्परिवर्तित मादी आणि निरोगी नर, तसेच निरोगी मादी आणि उत्परिवर्तित नर, सोबत लावणे आवश्यक आहे.

हीच गोष्ट उलट बाजूनेही फसवते. समयुग्मजी भ्रूण सुखरूप उबून अळीच्या दुसऱ्या अवस्थेत मरत असेल, तर जनुकाची गरज तेव्हाच सुरू होते असे समजू नये. विषमयुग्मजी आईने दिलेला साठा तोपर्यंत पुरला असण्याची शक्यता मोठी असते. तो साठा काढून पाहायचा तर एफएलपी-एफआरटी पद्धतीने (निवडक पेशींतच पुनर्संयोग घडवून) आईच्या केवळ जननपेशी समयुग्मजी कराव्या लागतात.

आणखी एक पिढी पुढेही पाहा. ट्यूडरसारख्या जनुकांत समयुग्मजी मादीची जगलेली मुले-मुली बाहेरून ठीक असतात, पण भ्रूणावस्थेत ध्रुवपेशी (पुढे जननपेशी होणाऱ्या पेशी) न बनल्याने त्यांच्यात जननपेशीच नसतात. मुलांच्या संख्येवर थांबलात तर हा दोष कधीच दिसणार नाही. त्यासाठी त्या मुला-मुलींचीही प्रजननचाचणी करावी लागते.

१०. जनुक परत देऊन पाहा

शेवटची कसोटी म्हणजे निरोगी जनुक परत दिल्यावर दोष जातो का. शक्य असेल तेव्हा जनुकाचा स्वतःच्या नियंत्रक भागांसह पूर्ण तुकडा वापरावा. अनेक जण सोयीसाठी गाल४-यूएएस पद्धत (गाल४ हे प्रथिन जेथे असेल तेथे यूएएसला जोडलेले जनुक चालू होते) निवडतात आणि मग माश्या जगतात पण वंध्यच राहतात, या निकालापाशी अडकतात. यावरून जननपेशींत दुसरा दोष आहे असा निष्कर्ष घाईने काढू नका: नेहमीचा यूएएसटी वाहक (परत द्यायचे जनुक नेणारा डीएनए) मादीच्या जननपेशींत फारसा व्यक्तच होत नाही. तेथे यूएएसपी वाहक आणि नॅनोससारखा जननपेशींतील गाल४ वापरून तोच प्रयोग पुन्हा करावा. त्यानंतरही वंध्यत्व टिकले, तर पहिल्या पायरीतील डिफिशिअन्सीसमोरच्या माद्यांची अंडाशये त्याच दिवशी, त्याच अन्नावर वाढवून शेजारी ठेवून पाहावीत. त्या माद्या प्रजननक्षम असतील तर शोधायचा बदल त्या गुणसूत्रावर दुसरीकडे आहे.